खाच उजवीकडे

अर्धा चढ संपला तेव्हा आक्का एका वाकड्या झाडाला पाठ टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही. मी तर हा दुरूनसुद्धा पाहिला नव्हता. पोत्यातून येणाऱ्या दगडांत पाहिला होता."

मागून भावजय येत होती. तिच्या एका हातात पाण्याची बाटली होती आणि दुसऱ्या हातात आक्काची काठी. काठी आक्काच्याच गुडघ्यांसाठी घेतलेली होती, पण ती हातात धरायला आक्का तयार नव्हती.

"बसा जरा," भावजय म्हणाली. "डोंगर काही पळून जात नाही."

"पळतो की. आपल्याला कळत नाही एवढंच. नखं वाढतात ना, तेवढ्या वेगानं जमीन सरकते."

"मग आजच्या दिवस दम धरेल तो. पाणी प्या."

आक्का पाणी प्यायली. वर, बऱ्याच पुढे, प्राध्यापकबाईंची निळी टोपी झुडपांतून वरखाली होत होती. ती टोपी दिसतेय तोवर वाट बरोबर आहे, असं ठरलेलं होतं. भावजयीनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. चढ लागला की घ्यायचं, ही तिची जुनी सवय. आज मात्र ती स्वतःच्या दमासाठी घेत नव्हती. आज वर जाऊन जे दिसेल ते आक्काच्या बाजूनं दिसावं, एवढंच तिचं मागणं होतं. आणि असं मागणं बरोबर की नाही, अशी रुखरुखही सोबत होती. कारण आक्कानं बजावलं होतं, "माझ्या बाजूनं काही मागू नकोस हं. जे आहे ते दिसू दे."

नणंद आणि भावजय म्हटलं की लोक खुर्च्या सरकवून भांडण बघायला बसतात. या दोघींनी लोकांची फार निराशा केली. भांडणं झाली नाहीत असं नाही, पण ती दार लावून झाली आणि जेवणाची ताटं मांडायच्या आत मिटली. आक्का ही भावजयीच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. भावाच्या घरातली पुढची खोली तिची. तिला घरात सगळे आक्का म्हणत, म्हणून गल्लीत म्हणू लागले. मग विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातही शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत तीच आक्का झाली.

त्या विभागाच्या तळघरात ती खडकांचे काप करायची. कुणी विचारलं, तुम्ही काय काम करता, तर म्हणायची, "दगड किसते." तिच्या भावाला हे उत्तर आवडायचं नाही. तो आल्यागेल्याला सांगायचा, "लोक दगडाला पाझर फोडायला बघतात. आमची आक्का दगडातून उजेड काढते."

आणि ते अक्षरशः खरं होतं. पाण्याच्या धारेखाली फिरणाऱ्या पात्यावर आधी दगडाची चकती कापायची. चकतीतून साबणाच्या छोट्या वडीएवढा तुकडा काढायचा. त्याची एक बाजू भुकटी टाकलेल्या काचेवर घासून आरशासारखी करायची, ती काचपट्टीला चिकटवायची आणि मग दुसऱ्या बाजूनं घासत जायचं, दगडातून पलीकडचा उजेड येईपर्यंत. केसाहूनही पातळ. कुठं थांबायचं ते गारगोटीचा कण सांगतो. सूक्ष्मदर्शकाच्या खास उजेडात तो पिवळा दिसला तर काप अजून जाड आहे. करडा-पांढरा झाला की हात उचलायचा. त्यानंतर दोन फेरे जास्त मारले की दगड भुकटीत आणि दिवस पाण्यात.

भावजय पहिल्यांदा त्या तळघरात गेली होती तेव्हा आक्कानं तिला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं होतं. बाहेरून मळकट करडा दिसणारा दगड आत निळा, जांभळा, केशरी होऊन पसरला होता. खालची चकती फिरवली की रंग एकमेकांत विझत आणि पुन्हा पेटत. भावजयीचे हात नकळत जोडले गेले.

"नमस्कार कुणाला केलास?" आक्का म्हणाली. "मशीनला की मला?"

"ज्यानं केलं त्याला."

"मग ठीक. मी नुसतं घासलंय."

या कामात आक्काची एक रीत होती. तुकडा कापला की तो घासण्याआधी ती त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला पात्यानं बारीक खाच मारायची. दगड डोंगरातून काढतानाच त्याच्यावर बाण काढलेला असतो: वर कुठं, उत्तर कुठं. तो बाण चकतीवर जातो, पण पातळ कापावर राहत नाही. तिथं राहते ती फक्त खाच. तयार काप हातात घेतला की खाच उजवीकडे वर दिसली पाहिजे. डावीकडे दिसली तर काप पालथा चिकटलाय असं समजायचं. मग सगळं उलटं दिसतं, कागदावरचं अक्षर मागून उजेडाला धरून वाचावं तसं. म्हणून खाच मारताना आक्का दरवेळी मोठ्यानं म्हणायची, "उजवीकडे वर." तळघरात हा तिचा मंत्रच झाला होता. विद्यार्थी जिना उतरतानाच एकमेकांना म्हणत, "आक्का आहे का बघ. उजवीकडे वर ऐकू येतंय का?"

आता ज्या दगडावरून सगळं घडलं, त्याची गोष्ट. हा डोंगर म्हणजे फार जुन्या काळचा. गवत उगवायच्या आधीचा, पहिला मासा पोहायच्या आधीचा. समुद्राच्या तळाचा चिखल जमिनीच्या पोटात खोल दाबला गेला, तापला, पिळला गेला आणि त्याचा चमचमता, पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक झाला. याला रूपांतरित खडक म्हणतात. चिखलाचा असा खडक व्हायला दोन जमिनींची टक्कर व्हावी लागते. नुसतं माती साचून भागत नाही. आक्कानं हे घरी सांगितलं तेव्हा भावजय म्हणाली होती, "म्हणजे टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, तेच की." त्यावर आक्का म्हणाली, "देवपण तुझं तू बघ. मी घाव बघते."

त्या खडकात लाल दाणे असतात. जुने लोक त्यांना तामडा म्हणायचे. डोंगर घडत असताना हे दाणे वाढत होते आणि वाढता वाढता गोल फिरत होते. कसे, ते आक्कानं भावजयीच्या समोर बसून दाखवलं होतं. भावजय समईची वात वळत होती. "थांब," आक्का म्हणाली. "तुझा वरचा तळहात पुढे जातो, खालचा मागं राहतो, मधली वात फिरते. बरोबर? वात कुठल्या बाजूला फिरली ते सांगितलं की तुझा कुठला हात कुठं सरकला ते मी न बघता सांगेन." तामड्याच्या पोटात तसाच वळसा असतो, गोगलगाईच्या शंखासारखा. त्या वळशावरून कळतं की वरची जमीन कुठून कुठं ढकलली गेली.

आणि प्राध्यापकबाईंचं म्हणणं असं, की हा डोंगर अर्धाच आहे. उरलेला अर्धा समुद्रापलीकडे, दुसऱ्याच देशात आहे. एके काळी सगळ्या जमिनी एकत्र होत्या, त्यांचं एक महाखंड होतं, आणि तेव्हा हे दोन्ही डोंगर मिळून एकच रांग होती. मग महाखंड फाटलं. त्याआधीही जमिनी जुळल्या आणि फाटल्या, नंतरही.

"एकत्र कुटुंब," भावजयीचा नवरा म्हणाला होता. "मग वाटण्या. मग कुणाच्या तरी लग्नात परत सगळे एकाच मांडवात."

"तेच," आक्का म्हणाली. "फक्त इथं वाटणीच्या भिंतीचे डाग दगडात राहतात, ते पुसले जात नाहीत."

पलीकडच्या लोकांनीही त्यांच्याकडच्या खडकांचे काप केले. दोन्ही अर्ध्यांतल्या तामड्यांचे वळसे एकाच बाजूचे निघाले, घड्याळाच्या काट्यांसारखे, तर एकाच धक्क्यानं दोन्ही घडले याला भक्कम आधार मिळणार होता. निघालेही. सगळे निघाले, एक सोडून. आक्काच्या हातच्या एका कापात वळसा उलटा होता. समुद्रापलीकडून अगदी नम्र भाषेत विचारणा आली: आपल्याकडे तो काप पालथा तर चिकटवला गेला नाही ना?

प्राध्यापकबाई स्वतः तळघरात आल्या. विद्यार्थिनी असताना त्यांनी इथंच कितीतरी काप बिघडवले होते आणि आक्कानं एकदाही वर तक्रार केली नव्हती. त्यांनी स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "आक्का, तो एक काप आपण बाजूला ठेवू. बाकीचे सगळे जुळतात. एकानं काही अडत नाही."

"बाजूला ठेवू म्हणजे?"

"म्हणजे लेखात घ्यायचा नाही."

"म्हणजे आक्का चुकली असंच म्हणायचं, पण हळू आवाजात."

"तसं नाही हो."

"मग कसं? बरोबर असेल तर घ्या. चुकला असेल तर चुकला म्हणून लिहा. उगीच पांघरूण घालू नका बाई, मला थंडी वाजत नाहीये."

आक्काचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं विभागात म्हणत. त्या दिवशी घरी आल्यावर मात्र तिनं ताटातली भाजी नुसती इकडची तिकडे केली. भाऊ काही चेष्टेचं बोलला, त्याला तिनं उत्तर दिलं नाही, तेव्हाच भावजयीनं ओळखलं. जेवणं झाल्यावर दोघी भांडी पुसत होत्या. आक्का म्हणाली, "तो काप कुठल्या आठवड्यातला आहे, माहीत आहे? बाळ्याचं ऑपरेशन झालं, त्या."

बाळ्या म्हणजे भावजयीचा नवरा. केस पांढरे झाले तरी आक्काला तो बाळ्याच. त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा आक्का सकाळी दवाखान्याच्या बाकावर असायची आणि दुपारी भावजय आली की तळघरात जायची. रजा घे म्हटलं तर म्हणायची, घरी बसून मी काय करू. भावजयीला आठवलं, त्या दिवसांत आक्काच्या नखांत दगडाची करडी भुकटी असायची आणि त्याच हातांनी ती भावाच्या कपाळावरचं ओलं फडकं बदलायची.

"मी तेव्हा उजवीकडे वर म्हटलं होतं की नाही, मला आठवत नाही," आक्का म्हणाली. "हात चालत होते. डोकं दवाखान्यात होतं."

"कापावरची खाच उजवीकडेच आहे ना पण?"

"खाच बरोबर आहे ग. पण खाचच मी उलट्या बाजूनं बघून मारली असेल तर? मग ती उजवीकडे दिसून काय उपयोग?"

"तुमचे हात चुकायचे नाहीत."

"विश्वास देवावर ठेव, हातावर नको. हात माझे आहेत, मी ओळखते त्यांना." तिनं हातातली ताटली पुन्हा एकदा पुसली. ती आधीच कोरडी होती. "माणसं म्हणतात आक्का कधी चुकत नाही. त्याच्यावर माझी सगळी नोकरी पार पडली. आता निवृत्तीला आले, आणि मलाच शपथ घेता येत नाही."

हे भावजयीनं तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. तिनं ती कोरडी ताटली आक्काच्या हातातून घेतली आणि मांडणीत ठेवली.

मूळ दगडातलं उरलंसुरलं आता शिल्लक नव्हतं. वय काढण्यासाठी तो कुटून त्याची पूड झाली होती. म्हणजे एकच मार्ग होता: जिथून आणला तिथं जायचं आणि तो खडक जाग्यावर बघायचा. आक्कानं दुसऱ्या दिवशी प्राध्यापकबाईंना तसं सांगितलं. त्यावर बाई जे बोलल्या ते आक्का पुढे अनेकदा घरी सांगायची. बाई म्हणाल्या, "जाऊ. तुमचा काप बरोबर आहे असं धरून जाऊ, आणि मग उलटं नेमकं काय आहे ते शोधू. काप चुकला असेल तर तेही तिथंच कळेल."

"या गुडघ्यांनी?" घरी हे ऐकल्यावर भाऊ म्हणाला.

"गुडघे माझे आहेत. तुला कोण बोलावतंय?"

"मी जाते बरोबर," भावजय म्हणाली. तेव्हा तिला चढाची कल्पना नव्हती. असती तरी म्हणाली असती, फक्त जरा विचार करून.

तर असा तो चढ होता. झाडाखाली दम खाऊन दोघी पुन्हा निघाल्या. शेवटच्या टप्प्यात आक्कानं न बोलता हात मागं केला आणि भावजयीनं न बोलता काठी तिच्या हातात दिली.

वर एका ओढ्याच्या काठाला तो खडक होता. माणसाहून उंच, तिरपा, पापुद्रे एकावर एक चढलेला. उन्हात त्यातलं अभ्रक लकाकत होतं आणि त्याच्या अंगावर तामड्याचे दाणे उठले होते, उन्हाळ्यात पाठीवर घामोळं उठावं तसे, पण एकेक दाणा हरभऱ्याएवढा. प्राध्यापकबाईंनी एका खोबणीवर बोट ठेवलं. बाजूला रंगाचा फिकट ठिपका होता. "इथून काढला होता, आक्का."

आक्कानं खोबणीत हात घातला. तिचा पंजा तिथं बरोबर बसला. कडांवरून ती बोटं फिरवत राहिली.

"इतके दगड हाताखालून गेले," ती म्हणाली. "माहेर कुणाचंच पाहिलं नव्हतं."

भावजयीनं खडकाला हात लावला. तो उन्हानं कोमट झाला होता.

आक्का मात्र लगेच कामाला लागली. तिनं पिशवीतून जेवणाचा डबा काढला. त्यात जेवण नव्हतं. घासायची भुकटी होती, जाड काचेचा तुकडा होता, आणि रुमालात गुंडाळलेला तो जुना काप. प्राध्यापकबाईंनी खोबणीच्या शेजारी होकायंत्र धरलं, खडकावर बाण काढला, तो आक्काला दाखवला आणि मग छिन्नीनं एक ढलपी काढली. आक्कानं बाण पुन्हा बघितला. वर कुठं, उत्तर कुठं. ढलपी तशीच हातात धरली आणि कोपऱ्यावर कानशीनं खूण करताना मोठ्यानं म्हणाली, "उजवीकडे वर."

मग ती ओढ्याकाठी मांडी घालून बसली. काचेवर भुकटी टाकली, ओंजळभर पाणी घातलं आणि ढलपीची बाजू घासायला लागली, गोल गोल, खालचा ओठ आत ओढून. करडा लगदा काचेवरून ओघळत राहिला. भावजय शेजारी बसून बघत होती. घरात ही बाई भाजी चिरताना दोनदा बोट कापून घेते. इथं हात असे चालत होते की जणू दगडच त्यांना वाट सांगत होता.

बाजू गुळगुळीत झाली. आक्कानं ती धुतली, ओली असतानाच वर धरली आणि भिंग काढलं. पण डोळ्याला लावलं नाही.

"बाई, तुम्ही बघा."

प्राध्यापकबाई पुढे झाल्या, तशी आक्कानं हात मागं घेतला. "नको. तुम्हीही नको. तुम्हाला काय दिसायला हवंय ते तुम्हाला माहीत आहे, आणि मला काय हवंय ते मला. ही बघेल. हिला त्यात काहीच हवं नाही."

भावजयीला तर हवं होतं. सबंध चढभर तिनं तेच तर मागितलं होतं. "आक्का, मलाही..."

"काय हवंय?"

"तुमचं बरोबर निघावं असं."

"ते असू दे. पण त्यासाठी वळसा कुठल्या बाजूला हवा, ते माहीत आहे का तुला?"

भावजयीनं विचार केला. उलटा, सरळ, पालथा, या गोंधळात ते तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर. बघ."

तिनं भिंग डोळ्याशी धरलं. आधी नुसतं लाल दिसलं. मग लालाच्या आत बारीक काळपट रेघा दिसल्या, आणि त्या रेघा मधून निघून वळत वळत कडेपर्यंत गेल्या होत्या. कुणीतरी तिथं उभं राहून फिरवल्यासारख्या. तिला वात आठवली. तिनं उजवा हात वर केला आणि हवेत बोट फिरवलं. "असा."

"घड्याळासारखा की उलटा?"

"उलटा."

मग आक्कानं जुना काप आभाळाकडे धरला, खाच उजवीकडे वर. भावजयीनं त्यातही बघितलं आणि बोट फिरवलं. बोट त्याच बाजूनं फिरलं.

"हाही तसाच आहे," ती म्हणाली.

आक्कानं ओढ्यात हात धुतले, नखांत गेलेला लगदा काढला, एकेक बोट. मग म्हणाली, "म्हणजे म्हटलं होतं मी."

तेवढंच. पण भावजयीनं तिच्याकडे बघितलं तर तिची मान जरा वर झाली होती. पुढे विभागातल्या निरोपाच्या सत्काराला फोटो काढला तेव्हाही ती मान तशी झाली नाही.

प्राध्यापकबाई तोवर खडकाकडे टक लावून बघत होत्या. काप सरळ, बाण सरळ, वळसा उलटा. त्या ओढ्यातून वर चालत गेल्या, दिसेनाशा झाल्या, आणि मग त्यांची हाक आली. दोघी दगडांवरून जपून पाय टाकत तिथं पोचल्या. पांढऱ्या कठीण खडकाचा एक पट्टा ओढ्यावर छपरासारखा पुढे आला होता. बाई त्याच्या खाली वाकून उभ्या होत्या.

"ही एके काळची वाळू आहे," बाई म्हणाल्या. "उथळ पाण्याखाली वाळूवर लाटांच्या वळ्या पडतात, पाहिल्यात ना? त्या वळ्यांची टोकं कुठल्या बाजूला असतात?"

"वर," भावजय म्हणाली. "पायाला टोचतात."

"इथं बघा."

छपराच्या खालच्या अंगाला वळ्या होत्या, एकामागं एक, कालच पाणी ओसरावं इतक्या स्पष्ट. आणि त्यांची टोकं खाली, या तिघींच्या डोक्यांकडे रोखलेली होती.

बाईंनी गळ्यातला टॉवेल काढून खडकावर पसरला आणि दोन्ही हातांनी एका बाजूनं ढकलला. टॉवेलची घडी उठली आणि पुढे कलंडली. "वरचा पदर सरळ राहिला. घडीच्या खालचा हा पदर पालथा झाला. आपले बाकीचे सगळे दगड वरच्या पदरातले. तुमचा हा एकच खालचा. तामडे आधी फिरले, आणि त्यानंतर आणखी एक धक्का बसला, पहिल्याला आडवा, त्यानं सबंध थर दुमडला." त्या उभ्या राहिल्या. "आक्का, काप सरळ आहे. डोंगर पालथा आहे."

आक्कानं वरच्या वळ्यांना हात लावला. मग म्हणाली, "एवढा मोठा डोंगर पालथा पडला, आणि बोल मला लागला."

तिघी हसल्या. बाई हसता हसता सांगत होत्या, की आता पलीकडच्या लोकांना त्यांच्या अर्ध्यात पालथा पदर शोधायला सांगायचं. फाटलेल्या कागदाच्या नुसत्या कडा जुळल्या तर योगायोग म्हणता येतो, पण कागदावरची जुनी घडीसुद्धा दोन्ही तुकड्यांवर एकाच जागी निघाली तर पुढे काय बोलणार? तो पदर तिकडे मिळेल की नाही, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. पण काप बाजूला ठेवला असता तर हा प्रश्नच कुणाला पडला नसता, हे बाईंनी दोनदा बोलून दाखवलं. आधी इकडचा पदर कुठवर पालथा आहे ते कळायला इथपासून शिखरापर्यंतच्या दगडांचे नवे काप लागणार होते, सगळे आक्काच्या हातचे, ती निवृत्त व्हायच्या आत.

उतरताना आक्कानं काठी स्वतः घेतली. नव्या दगडाची पिशवीही तीच घेणार होती, पण भावजयीनं ती खांद्यावरून सोडली नाही. पायथ्याशी पोचतात न पोचतात तोच भाऊ फोनवर होता.

"काय आक्का, डोंगर पोखरून उंदीर निघाला का?"

"उंदीर नाही रे बाळ्या. डोंगरच निघाला. तोही पालथा."

"आणि तू?"

"मी सरळ. तुझ्या बायकोला विचार, तिनं बघितलंय."

गाडी यायला वेळ होता. दोघी रस्त्याच्या कडेला एका कट्ट्यावर बसल्या. मागं डोंगर ऊन अंगावर घेऊन स्वस्थ पडला होता. आता तो भावजयीला दुरून साजरा दिसत नव्हता. कुठं वळला, कुठं कलंडला, ते दिसत होतं. तिनं मनातल्या मनात हात जोडले. मग तिला जाणवलं की ते हात निम्मे डोंगराला आहेत आणि निम्मे शेजारी बसलेल्या बाईला, आणि त्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

"तुम्ही खूष आहात ना?" तिनं विचारलं.

"आहे की. फार आहे." आक्का गुडघे चोळत होती. "पण एक गोष्ट तशीच राहिली. मी बरोबर निघाले, पण मला आठवत नव्हतं ते नव्हतंच. त्या दिवशी हातांनी माझी लाज राखली. दरवेळी राखतील असं नाही."

भावजयीनं खांद्यावरची पिशवी मांडीवर घेतली.

"हे नवे काप करायचेत ना, तेव्हा तळघरात येशील? नुसती समोर बसायला. मी खाच मारायच्या आधी उजवीकडे वर म्हणेन. तू दगडावरचा बाण बघायचा, मग माझ्या हातातला तुकडा बघायचा, आणि बरोबर असेल तरच हो म्हणायचं. नसेल तर नाही म्हणायचं, मोठ्यानं. नणंद आहे म्हणून हो म्हणायचं नाही."